बॅलन्स ट्रान्सफर करताना घराचं व्हॅल्युएशन कमी आलं तर

गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं ठरतं. पगाराच्या स्लिपा, आयटीआर, सिबिल सगळं पसंत पडतं, सँक्शन लेटरही येतं. आणि मग फोन येतो, "टेक्निकल कमी आलंय, एवढं लोन बसणार नाही." टेक्निकल म्हणजे नव्या बँकेच्या व्हॅल्युअरने (घराची किंमत काढणाऱ्या तज्ज्ञाने) दिलेला अहवाल. सँक्शन लेटरच्या अटींमध्ये 'लीगल व टेक्निकल अहवालाच्या अधीन' अशी ओळ असतेच, फक्त ती वाचायची राहून जाते. म्हणून टेक्निकल क्लिअर झाल्याचं लेखी कळेपर्यंत जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) काढू नका. त्या पत्राला शुल्क लागू शकतं आणि त्यातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच धरली जाते.

व्हॅल्युएशन कमी आलं की फाइल तिथेच सोडून देणारे पुष्कळ असतात. पण त्या आकड्यामागे क्षेत्रफळ, दर आणि इमारतीचं वय अशा तपासता येण्यासारख्या गोष्टी असतात. त्यातली एखादी चुकीची धरली असेल, तर कागद दाखवून ती दुरुस्त करून घेता येते. नुसतं "आमच्या एरियात भाव जास्त आहे" म्हणून मात्र काही हलत नाही.

आधी हिशोब: कमी म्हणजे नेमकं किती कमी?

घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. बँकेच्या भाषेत हीच एलटीव्ही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा झाली. एखादी बँक स्वतःच्या धोरणानुसार याहून कमी देऊ शकते, विशेषतः जुन्या इमारतीला. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये टक्केवारी आजच्या व्हॅल्युएशनवर मोजतात. तुम्ही घर कितीला घेतलं होतं हा मुद्दा तिथे गौण ठरतो.

या टप्प्यांमुळे एक विचित्र पट्टा तयार होतो आणि मुंबईतल्या वन बीएचके, छोट्या टू बीएचकेवाल्यांना तो हमखास आडवा येतो. ९३.७५ लाखांचे ८० टक्के म्हणजे ७५ लाख. १ कोटीचे ७५ टक्के म्हणजेही ७५ लाखच. म्हणजे व्हॅल्युएशन ९३.७५ लाख आणि १ कोटीच्या मधे कुठेही असलं, तरी जास्तीत जास्त कर्ज ७५ लाखच. तुम्ही महिनाभर पाठपुरावा करून ९४ चे ९९ लाख करून घेतलेत, तरी हाती एक रुपया जास्त पडणार नाही. तसाच दुसरा पट्टा ३३.३३ लाख ते ३७.५० लाखांचा, तिथे कर्ज ३० लाखांवर अडकतं.

समजा, बोरिवली पश्चिमेला मौजे एकसरमधल्या एका जुन्या सोसायटीत ५२० चौरस फूट कार्पेटचा (भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचा) फ्लॅट आहे. शिल्लक कर्ज ८० लाख. नव्या बँकेच्या व्हॅल्युअरने ४३३ फूट धरले, दर २१,००० रुपये लावला आणि किंमत काढली ९०,९३,०००. याचे ८० टक्के म्हणजे सुमारे ७२.७४ लाख. कमी पडतात ७.२६ लाख. आता भांडून दर २२,५०० करून घेतला, तर किंमत ९७.४२ लाख होते, पण कर्ज ७५ लाखांवर थांबतं आणि ५ लाखांची खोट राहतेच. त्याऐवजी दर आहे तोच ठेवून क्षेत्रफळ ५२० मान्य करून घेतलं, तर किंमत १,०९,२०,००० होते, तिचे ७५ टक्के ८१.९० लाख, आणि पूर्ण कर्ज बसतं. कशासाठी झगडायचं आणि काय सोडून द्यायचं, हे असं आकडे मांडल्यावरच कळतं.

टॉप-अपही (शिल्लक कर्जावर जादा कर्ज) मागितलं असेल तर आधी ते बाजूला काढून पाहा. मूळ शिल्लक बसते आणि फक्त टॉप-अप बसत नाही, अशी पुष्कळ प्रकरणं असतात. तिथे टॉप-अप सोडलं की फाइल सरळ पुढे जाते. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने टॉप-अप कर्जांमध्ये एलटीव्हीचे नियम नीट पाळले जात नसल्याबद्दल कान टोचले आहेत, त्यामुळे तिथे बँक सैल सोडेल अशी आशा धरू नका.

आकडा कुठून आला ते विचारा

एजंटाला विचारून उपयोग नाही, त्याच्यापर्यंत बहुतेकदा फक्त शेवटचा आकडा आलेला असतो. बँकेच्या क्रेडिट मॅनेजरला किंवा टेक्निकल विभागाला ईमेल करा. काही बँका अहवालाची प्रत देतात, काही 'अंतर्गत कागद' म्हणून नाकारतात. प्रत नाही मिळाली तरी एवढ्या गोष्टी लेखी विचारा: क्षेत्रफळ किती आणि कोणतं धरलं (कार्पेट की भिंती धरून मोजलेलं बिल्टअप), प्रति चौरस फूट दर किती लावला, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य किती धरलं, घसारा (वयामुळे धरलेली किमतीतली घट) वजा केला का, पार्किंग धरलं का, आणि अहवालावर काही प्रतिकूल शेरा आहे का.

अहवालात बहुधा तीन किमती असतात: बाजारमूल्य, त्याहून थोडं कमी असं वसूल होण्याजोगं मूल्य, आणि सक्तीच्या विक्रीचं मूल्य. बँक कर्जासाठी यातली कोणती धरते, हेही विचारून घ्या. कर्जाची रक्कम मोठी असली की काही बँका दोन व्हॅल्युअर पाठवतात आणि त्यातला कमी आकडा धरतात. अशा वेळी दोन अहवालांत क्षेत्रफळच वेगवेगळं असेल, तर तो तुमच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे.

क्षेत्रफळ: सगळ्यात जास्त घोळ इथेच

जुन्या करारनाम्यात कधी बिल्टअप लिहिलेलं असतं, कधी सुपर बिल्टअप (जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटाही धरलेलं), कधी नुसतं '४८.३१ चौ. मी.'. पुढे काहीच नाही. व्हॅल्युअर शंका आली की कमी आकडा धरतो, त्याचं कामच तसं आहे. ४८.३१ चौरस मीटर म्हणजे ५२० चौरस फूट (१ चौ. मी. = १०.७६४ चौ. फूट). ते बिल्टअप समजून १.२ ने भागलं की ४३३ उरतात. वरच्या उदाहरणात नेमकं हेच झालं आहे.

उपाय सोपा आहे, पण बसून करावा लागतो. करारनामा उघडा आणि फ्लॅटचं वर्णन जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागा पाहा: मुख्य कलम, शेवटचं परिशिष्ट आणि सोबत जोडलेला नकाशा. कुठेतरी 'कार्पेट' हा शब्द सापडतो. मग सूची क्र. २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, इंडेक्स टू) मधला ५ क्रमांकाचा रकाना पाहा, तिथे क्षेत्रफळ असतं आणि ४ क्रमांकाच्या वर्णनात कार्पेट की बिल्टअप याचा उल्लेख बरेचदा असतो. तिसरा आधार म्हणजे महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी आहे. तुम्हाला माफी मिळालेली नसेल आणि बिलात कार्पेट ५०० च्या वर दिसत असेल, तर पालिकेच्या नोंदीनेच तुमचं म्हणणं खरं ठरतं. उलट माफी घेत असाल आणि बँकेला ५२० फूट सांगत असाल, तर दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये येणार आहेत, हे आधीच ध्यानात घ्या.

एकदा स्वतःही मोजून घ्या. टेप किंवा लेझर मीटरने प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी, प्लास्टर ते प्लास्टर. दाराच्या चौकटीची जाडी आणि पॅसेज विसरला जातो, तो धरा. बाल्कनी, ड्राय बाल्कनी, फ्लॉवर बेड आणि टेरेस वेगळ्या ओळीत लिहा. याचं कारण व्याख्येतच आहे. रेरा या आताच्या गृहनिर्माण कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र बाल्कनी येत नाही. त्याआधीच्या मोफा कायद्याच्या काळातल्या करारांत मात्र बाल्कनी धरून कार्पेट लिहिलेलं असायचं. त्यामुळे १९९८ चा करार हातात घेऊन रेराच्या व्याख्येने मोजलं, की ४०-५० फूट आपोआप गळतात. तसं झालं असेल तर मंजूर नकाशा दाखवून बाल्कनीचं क्षेत्रफळ वेगळं धरायची विनंती करता येते.

हॉलमध्ये बाल्कनी घेतली असेल तर मंजूर नकाशात ती काय म्हणून दाखवली आहे ते महत्त्वाचं. जुन्या विकास नियंत्रण नियमावलीत प्रीमियम भरून बाल्कनी बंद करायची सोय होती, आणि कित्येक इमारतींच्या नकाशात ती तशी मंजूर आहे. नकाशात असेल तर आग्रह धरा. परवानगीशिवाय फ्लॉवर बेड किंवा डक्टवर खोली वाढवलेली असेल, तर ते फूट मागू नका. मागितलेत की 'अनधिकृत बदल' असा शेरा पडतो आणि तो व्हॅल्युएशनपेक्षा महाग पडतो. दोन फ्लॅट मधली भिंत काढून एक केले असतील तर दोन्ही करारनामे आणि भिंत काढायची परवानगी लागते. ती नसेल तर बँक हात आखडता घेते.

दर: तुलनेचे व्यवहार तुम्हीच शोधून द्या

मालमत्ता पोर्टलवरचे भाव दाखवून उपयोग नाही, ते मागणीचे भाव असतात. व्हॅल्युअरला लागतात नोंदणी झालेले व्यवहार. ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये विनाशुल्क पाहता येतात. 'मुंबई जिल्हे' हा पर्याय घ्या, वर्ष निवडा, मुंबई शहर की उपनगर ते निवडा, मग गाव आणि मिळकत क्रमांक. गाव म्हणजे महसुली गाव; बोरिवली पश्चिमेचा बराच भाग 'एकसर' नावाखाली सापडतो. मिळकत क्रमांक म्हणजे सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक), तो तुमच्या स्वतःच्या सूची क्र. २ वर असतो. आधी आपल्या इमारतीचा सीटीएस नंबर टाका, मग शेजारच्या दोन-तीन प्लॉटचे. साइट संथ चालते, म्हणून सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बसा.

गेल्या वर्षभरातले व्यवहार पाहा, सहा महिन्यांतले असतील तर उत्तमच. आपल्याच इमारतीतला एक आणि त्याच रस्त्यावरच्या, साधारण तेवढ्याच जुन्या इमारतींतले दोन, असे तीन पुरतात. दहा व्यवहारांची यादी पाठवली तर ती कुणी वाचत नाही.

प्रत्येक व्यवहारात मोबदला (रकाना २) आणि क्षेत्रफळ (रकाना ५) घेऊन स्वतः दर काढा. समजा, मोबदला १,१८,००,००० आणि क्षेत्रफळ ४९.७० चौ. मी. कार्पेट आहे. म्हणजे ५३५ चौरस फूट आणि दर सुमारे २२,०५६. पण तोच फ्लॅट दस्तात ५९.६४ चौ. मी. बिल्टअप म्हणून लिहिला असता तर ६४२ फूट होऊन दर १८,३८० दिसला असता. व्यवहार तोच, घर तेच. व्हॅल्युअरने अशा बिल्टअप दस्तावरून दर उचलला आणि तो तुमच्या कार्पेटला लावला, तर किंमत सहाव्या हिश्श्याने खाली येते. हे ताडून पाहायला विसरू नका.

काही दस्त तुलनेला घेऊच नयेत. बाप-लेक किंवा भाऊ-बहिणीतले व्यवहार, बक्षीसपत्रं, लिलावातली विक्री, आणि पुनर्विकासात जुन्या सभासदाला नवी जागा देण्याचे करार, ज्यात मोबदला नाममात्र असतो. नव्या टॉवरमधला फ्लॅटही घेऊ नका. तुमच्या १९९७ च्या चार मजली इमारतीशेजारी जिम आणि पोडियम असलेला टॉवर उभा असेल, तर त्याचा दर पाठवल्याने बाकीच्या दोन चांगल्या व्यवहारांचंही वजन जातं. पार्किंगसह झालेला व्यवहार असेल तर तसं लिहा.

रेडी रेकनरचा दर दाखवून "सरकारी भावच एवढा आहे" असा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. तो दर मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतो, बँकेचं बाजारमूल्य त्याला बांधलेलं नाही. फक्त व्हॅल्युएशन रेडी रेकनरच्याही खाली आलं असेल, तर कारण विचारण्यासारखं आहे.

वय आणि घसारा

आरसीसी इमारतीचं आयुष्य सर्वसाधारणपणे ६० वर्षं धरतात आणि शेवटी १० टक्के भंगारमूल्य ठेवतात. म्हणजे दरवर्षी बांधकामाच्या किमतीतून दीड टक्का घसारा. इमारत २८ वर्षांची असेल तर ४२ टक्के, ३८ वर्षांची धरली तर ५७ टक्के. बांधकामाचा दर समजा फुटाला ३,००० आणि बिल्टअप ६५० फूट असेल, तर या दहा वर्षांच्या चुकीने २,९२,५०० रुपयांचा फरक पडतो. ही चूक होते कशी? ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) फाइलमध्ये नसते आणि व्हॅल्युअर वॉचमनला किंवा शेजाऱ्याला विचारून वर्ष लिहितो. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत दिली की वाद मिटतो.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. दर जर तेवढ्याच जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीवरून घेतला असेल, तर त्या दरात इमारतीचं वय आलेलंच आहे. घेणाऱ्याने जुनी इमारत बघूनच तो भाव दिला. त्यावर पुन्हा घसारा कापणं म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा वजावट. अहवालात 'कॉम्पोझिट रेट' (जमीन आणि बांधकाम मिळून एकच दर) आणि त्याखाली 'घसारा वजा' अशा दोन्ही ओळी दिसल्या, तर दर नव्या इमारतीचा होता की जुन्या, एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. घसारा फक्त बांधकामाच्या भागावर लागतो, जमिनीच्या भागावर नाही, हेही पाहा. मुंबईत किमतीचा मोठा भाग जमिनीचाच असतो.

उरलेल्या आयुष्याचा कर्जाच्या मुदतीशीही संबंध आहे. मुदत संपल्यावरही इमारतीचं काही वर्षांचं आयुष्य शिल्लक राहायला हवं, अशी बँकांची अट असते. तिथे अडत असेल तर मुदत कमी करून पाहा.

इमारत तीस वर्षांच्या वर असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. त्यात सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती किंवा सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती असा शेरा असेल, तर अहवालाची प्रत आणि झालेल्या दुरुस्तीची बिलं सोसायटीकडून घेऊन द्या. उरलेलं आयुष्य वाढवून मागायला तो चांगला आधार आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. तिथे कुठलीही बँक फाइल पुढे नेणार नाही. "रिडेव्हलपमेंट येणार आहे, मग किंमत वाढेल" हा मुद्दाही मांडू नका. बँक आजच्या घराची किंमत धरते, आणि विकासकाशी करार झालेला असेल तर बहुतेक बँका नवं कर्ज द्यायला तयारच होत नाहीत.

कागदामुळे अडलेलं असेल तर

ओसी नसणं हे मुंबईतलं जुनं दुखणं. सोसायटीच्या दप्तरात नसेल तर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात माहिती अधिकाराखाली अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इमारतीची फाइल क्रमांकाने सापडते आणि तो क्रमांक जुन्या आयओडी (पालिकेची सशर्त बांधकाम मंजुरी) किंवा सीसीवर (काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र) असतो, म्हणून आधी ते दोन कागद शोधा. ओसी मिळालीच नसेल, तर काही गृहवित्त कंपन्या कमी एलटीव्हीवर कर्ज देतात, पण तिथे व्याजदर जास्त असतो आणि ट्रान्सफरचा हेतूच बुडतो.

नावातली तफावत याहून किरकोळ, पण तेवढीच त्रासदायक. करारात 'बी विंग, २०३' आणि दारावर 'बी-७', किंवा बिल्डरने दिलेलं इमारतीचं नाव एक आणि नोंदणीकृत सोसायटीचं दुसरं. दोन्ही एकच असल्याचं सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सही-शिक्क्यासह पत्र घ्या. म्हाडा वसाहतीतल्या घराला म्हाडाच्या नोंदी तुमच्या नावावर झाल्याचा कागद लागतो. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरऐवजी सरकारी आदेशाने जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं असेल तर मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव असल्याचं दाखवा, त्याने लीगल तपासणीचाही मार्ग सुकर होतो.

फेरतपासणीचं पत्र

एक पान, मुद्द्याला धरून, कागद जोडून. मजकूर साधारण असा असावा:

"विषय: अर्ज क्र. ___, टेक्निकल व्हॅल्युएशनची फेरतपासणी.
माझ्या फ्लॅटचं कार्पेट क्षेत्रफळ व्हॅल्युएशनमध्ये ४३३ चौ. फूट धरलं आहे. नोंदणीकृत करारनाम्याच्या पान ___ वर आणि सूची क्र. २ मध्ये ते ४८.३१ चौ. मी. (५२० चौ. फूट) कार्पेट असं नोंदलेलं आहे. मालमत्ता कराच्या बिलातही हेच क्षेत्रफळ आहे. तिन्ही प्रती जोडल्या आहेत. तसेच याच इमारतीतील व लगतच्या दोन इमारतींतील मागील वर्षभरातील तीन नोंदणीकृत व्यवहारांचे दस्त क्रमांक, तारखा, कार्पेट क्षेत्रफळ व दर सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. कृपया क्षेत्रफळाची दुरुस्ती करून व्हॅल्युएशनचा फेरविचार करावा. गरज असल्यास पुन्हा भेटीसाठी मी उपलब्ध आहे."

फाइल मुंबईबाहेरच्या प्रोसेसिंग सेंटरला जात असेल तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवा. पत्र बँकेला द्यायचं, व्हॅल्युअरला नाही. व्हॅल्युअर स्वतंत्र असणं बँकेला आवश्यक असतं. कर्जदाराने त्याच्याशी परस्पर संधान बांधल्याचं दिसलं तर अहवालच बाद होतो. एजंट "मी त्याला सांगतो, थोडा खर्च होईल" म्हणाला, तर ठाम नकार द्या.

दुसरी भेट ठरली तर तयारी ठेवा. कागदांचा एक संच काढून ठेवा, सगळ्या खोल्या उघड्या ठेवा, भाडेकरू असेल तर त्याला आधी कळवा. व्हॅल्युअर इमारतीचा दर्शनी भाग, नावाची पाटी, दारावरचा नंबर आणि प्रत्येक खोली यांचे फोटो काढतो. जिन्यातली सळई दिसणारी गळकी जागा फोटोत आली तर उरलेल्या आयुष्यावर परिणाम होतो. दुरुस्तीचं काम चालू असेल तर वर्कऑर्डर दाखवा. घरात शिकवणी किंवा दवाखाना चालत असेल तर निवासी वापराबद्दल प्रश्न येतात. मॉड्युलर किचन आणि फर्निचर यांची किंमत धरत नाहीत, ती सांगण्यात वेळ घालवू नका.

स्वतः पैसे देऊन नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल काढावा का? बँक तो कर्जासाठी स्वीकारत नाही, तिला स्वतःच्या पॅनेलचाच लागतो. फरक मोठा असेल तर तो पुरावा म्हणून जोडता येतो, पण करारनामा, सूची क्र. २ आणि नकाशा यांनी काम होत असेल तर तो खर्च वाचवा. व्हॅल्युएशन पटलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊनही हाती काही लागत नाही, कारण बँकेचे व्यावसायिक निर्णय लोकपाल योजनेच्या बाहेर ठेवलेले आहेत.

तरीही आकडा हलला नाही

खोट लहान असेल तर ती स्वतःच्या बचतीतून भरा. ट्रान्सफरआधी जुन्या बँकेत अंशतः परतफेड करा आणि कमी झालेल्या शिल्लक रकमेचं ताजं स्टेटमेंट नव्या बँकेला द्या. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावता येत नाही. खोट भरायला पर्सनल लोन मात्र काढू नका. त्याचं व्याज ट्रान्सफरची बचत खाऊन टाकतं आणि नवा हप्ता दिसला की नवी बँक पात्रताच कमी करते.

भरण्याआधी ट्रान्सफर परवडतं का तेही बघा. ८० लाख, १५ वर्षं उरलेली, दर ९ वरून ८.२५ टक्के झाला तर हप्ता सुमारे ८१,१४० वरून ७७,६१० वर येतो, म्हणजे महिन्याला साधारण ३,५३० ची बचत. खर्चात महाराष्ट्रात नव्या गहाणाच्या दस्ताला कर्जाच्या ०.३ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २४,००० रुपये, पुन्हा भरावं लागतं. प्रोसेसिंग फी समजा १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एवढेच ३५,८०० झाले, दहा महिन्यांची बचत. उरलेली मुदत पाच-सहा वर्षांची असेल तर हे गणित पार बदलतं. आणि नवी बँक मुदत परत वीस वर्षं करून हप्ता कमी दाखवत असेल, तर ती बचत मानू नका.

दुसऱ्या बँकेत अर्ज करायचा असेल तर आधी विचारा की लॉगिन फी (अर्ज दाखल करायचं शुल्क) न भरता प्राथमिक टेक्निकल होईल का. तोच व्हॅल्युअर अनेक बँकांच्या पॅनेलवर असतो, म्हणून आधीच्या व्हॅल्युअरचं नाव कळलं असेल तर दुसरा नेमायची विनंती करा. एकाच महिन्यात चार-पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येकाची चौकशी सिबिलवर उमटते.

आणि हे सगळं करत असतानाच जुन्या बँकेला एक पत्र जाऊ द्या: दुसऱ्या बँकेचं सँक्शन लेटर जोडून, 'माझा स्प्रेड कमी करावा' एवढीच मागणी. स्प्रेड म्हणजे मूळ दरावर बँक लावते ती जादा टक्केवारी. स्वतःच्या बँकेत दर बदलून घेताना सहसा नवं व्हॅल्युएशन लागत नाही, नवा गहाणाचा दस्त नाही, मूळ कागद हलत नाहीत. फक्त कन्व्हर्जन फी (दर बदलण्याचं शुल्क) लागते. चांगला हप्ते भरणारा ग्राहक जाऊ नये म्हणून बँका बरेचदा दर खाली आणतात, कधी नव्या बँकेइतका नाही, पण पाव-अर्ध्या टक्क्याच्या फरकाने. कर्ज अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवर (बँकांच्या जुन्या पद्धतीच्या दरांवर) असेल तर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेल्या दरावर नेण्याची मागणी करा. फी भरल्यावर सुधारित दर, स्प्रेड आणि लागू होण्याची तारीख लेखी घ्या, आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची रक्कम खरोखर कमी झाली का ते तपासा. बँका दर कमी केल्यावर बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात; तुम्हाला हप्ता कमी हवा असेल तर ते त्याच पत्रात मागा.